आबांसकट तिसऱ्या गियरवर

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

ती. अजिनाथमामांना,
सत्यशीलाचा नमस्कार.

तुमचे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही, आणि मोबाईलवरची बारीक अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत. भाची चष्म्याच्या दुकानात कामाला आणि मामाला धड चष्मा नाही, म्हणजे दिव्याखाली अंधारच. म्हणून आज कागद घेऊन गॅलरीत बसले आहे. दुपारची वेळ आहे, आई आत झोपली आहे. खाली लिंबाच्या सावलीत आपली पांढरी गाडी उभी आहे. तीच, दसऱ्याला घेतलेली, आठशे सीसीची, माझ्याकडे येताना तिसऱ्यांदा विकली गेलेली.

मामा, त्या गाडीनं आबांचं मन मोडलं.

कडुबाकाकांच्या मेंढ्या सध्या खुलताबादच्या वरच्या माळावर आहेत. एका शेतकऱ्यानं खतासाठी रानात बसवून घेतल्यात. तुम्हाला माहीत आहे, आबांनी दोन वर्षांपूर्वी आपला सगळा कळप या धाकट्या भावाच्या हवाली केला आणि ते माझ्याकडे राहायला आले. तेव्हापासून त्यांनी मेंढी पाहिलेली नाही. बसमध्ये बसलं की त्यांना मळमळतं. म्हणून गेल्या रविवारी आई, आबा आणि मी गाडीनं निघालो. दौलताबादच्या घाटात दुसऱ्या वळणावर गाडीनं मान टाकली. तिसऱ्या गियरवरून दुसऱ्यावर आणली, दुसऱ्यावरून पहिल्यावर, तरी ती जागच्या जागी थरथरत राहिली. मागं ट्रकांची रांग लागली. मी नको नको म्हणेपर्यंत आबा दार उघडून उतरले आणि काठी टेकत चढ चालू लागले.

आणि ते उतरल्यावर गाडी चढली. हळू का होईना, चढली.

वर पोचून आम्ही त्यांची वाट पाहत थांबलो. आले, दम खाल्ला आणि म्हणाले, "म्या उतरलो अन् चढली बघ. वझं माझंच व्हतं." इंजिन तापलं होतं, म्हणून तिथूनच परत फिरलो. त्या दिवसापासून ते गाडीत पाय ठेवत नाहीत. आईला म्हणाले, "आज पोरीच्या गाडीला जड झालो, उद्या पोरीला हुईन." हे मी दाराआडून ऐकलं आणि मला रडू आलं.

कळप संक्रांतीपर्यंत तिथं आहे. दुकानातला ऋतुराज म्हणतो, टर्बोवाली गाडी घ्या, नाहीतर हिलाच टर्बो बसवा. तुम्ही सांगा. टर्बोशिवाय, फार खर्चात न पडता, ही गाडी आबांसकट घाट चढेल का? तिसऱ्या गियरवर, न कण्हता? आबांना गियर कळत नाहीत, पण दमलेला जीव लगेच कळतो.

तुमची,
सत्यशीला


वैजापूर
२९ नोव्हेंबर

चि. सत्यशीला हिला आशीर्वाद.

तुमच्या ऋतुराजला सांग, याला रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात. या एवढ्याशा इंजिनाला टर्बो बसवायचा तर त्या खर्चात अशीच आणखी एक गाडी येईल, आणि दोन महिन्यांत पिस्टन हातात येतील ते वेगळंच. गाडीला नवी ताकद घालायच्या भानगडीत पडू नकोस. तिची जी आहे ती वाटेत कुठं अडते, एवढंच शोध.

आधी डिकी उघड. आत काय काय आहे ते मला लिहू नकोस, तुलाच लाज वाटेल. सगळं घरात नेऊन टाक. टायरची हवा सकाळी, टायर गार असताना, दाराच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी भर. मग कुणाला तरी हाताशी घेऊन, जॅक लावून एकेक चाक हातानं फिरवून बघ. जे फिरायला कुरकुरेल त्याचा ब्रेक धरून बसलाय असं समज. एअर फिल्टर काढून उन्हाकडं धर, पलीकडचा उजेड दिसला नाही तर नवा टाक. तीन प्लग आहेत, तिन्ही बदल. घाटात एसी बंद ठेव. आणि चढाला लागायच्या आधी गियर उतरव. ती दमल्यावर उतरवलास तर काय उपयोग?

आता माझं एक काम. चाळीस वर्षं मी बॉनेट उघडायच्या आधी गाडी ऐकायचो. ट्रकवाले म्हणायचे, अजिनाथ मिस्त्री डॉक्टरसारखा छातीला कान लावतो. आता ते जमत नाही. तर तू आवाज लिहून पाठव. चांगला लिही, घाई करू नकोस.

स्वप्नात मात्र मला अजून सगळं ऐकू येतं. परवा जेवून आडवा झालो आणि डोळा लागला. मार्केट यार्डात कांद्याचे ट्रक ओळीनं उभे, सगळ्यांची इंजिनं चालू, कुणाला कुठं जायचंच नाही. मी डोळे मिटून मधून चालतोय आणि एकेकाला आवाजावरून ओळखतोय. हा येवल्याचा, हा लासूरचा, हा त्या सोनवण्यांचा म्हातारा. जाग आली तर कांद्याचा वास तेवढा खरा होता. मी बराच वेळ तसाच पडून राहिलो.

दाजींना नमस्कार सांग. त्यांच्या वजनाचं मी बघतो म्हणाव.

तुझा मामा,
अजिनाथ


गारखेडा
९ डिसेंबर २०२४

ती. मामा,
नमस्कार.

डिकीत दुकानातला जुना काचेचा शोकेस निघाला, चष्म्यांच्या घरांची दोन पोती आणि आईनं जपून ठेवलेला पाटा. लिहू नको म्हणाला होतात, तरी लिहिलं. पाट्यावरून आईशी वाद झाला. तिचं म्हणणं, गाडीला मागं जडपणा असला की ती रस्त्याला धरून राहते.

हवा भरली. मागचं डावं चाक फिरता फिरेना, हँडब्रेकची तार ताणलेली होती. ती सैल करून घेतली. फिल्टर काळा ठिक्कर होता, नवा टाकला. प्लग बदलले. सपाट रस्त्यावर फरक वाटतो. सिग्नलला उभी राहिली की पूर्वीसारखी थरथरत नाही.

पण घाटात नाही. काल मी एकटीच गेले होते. सकाळचं धुकं होतं, किल्ला दिसत नव्हता. नुसता पांढरा पडदा आणि त्यात मी आणि ही गाडी. रस्ता कुठं चालला आहे याची रस्त्यालाच खबर नसावी असं वाटत होतं. त्याच दुसऱ्या वळणावर तिसऱ्यावर असताना ती गुदमरली. एकटी मी, पंचावन्न किलोची, आणि तरीही.

मला आनंद झाला, मामा. घरी येऊन आबांना सांगितलं, तुम्ही नव्हता तरी गाडी दमली. ते हसले, पण खोटं. म्हणाले, "मला बरं वाटावं म्हनून बोलतीस. लेकरू हायेस माझं."

आता आवाज. किती दिवस तो मनात घोळवते आहे. पहिल्या गियरवर तक्रार असते, पण लाडातली. दुसऱ्यावर गुणगुणते, आई भाकरी थापताना गुणगुणते तशी. तिसऱ्यावर पाय दाबला की हुंऽऽ असा पोकळ आवाज येतो. तांब्या तोंडाला लावून आत बोललं की येतो ना, तसा. मी पाय आणखी दाबते, आवाज आणखी खोल जातो, पण गाडी पुढं जात नाही. मोठ्यानं काही सांगायचं आहे आणि तोंड मिटलेलं आहे, असं वाटतं.

आबा रोज सकाळी सातला खाली जातात. लिंबाखाली बॉनेटवर हात ठेवून उभे राहतात. आजारी मेंढीपाशी बसायचे तसंच. त्यांना गाडीचा राग नाही, एवढं मला कळतं. राग स्वतःवर आहे.

तुमची,
सत्यशीला


वैजापूर
१४ डिसेंबर

चि. सत्यशीला,
आशीर्वाद.

तुझं तांब्याचं वाक्य मी चार वेळा वाचलं. मग उठलो, तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि हुं केलं. ऐकू काही आलं नाही, पण दातांना कळलं. शेजारची संस्कृती दारातून बघत होती. पोरगी पळत जाऊन आईला सांगून आली, मिस्त्रीबाबा तांब्याशी बोलतायत. आता गावभर होईल. होऊ दे.

गाडीला श्वास मिळत नाही. हे मी बॉनेट न उघडता सांगतोय आणि चुकलो तर मिशी उतरवीन. फिल्टर नवा टाकलास, म्हणजे अडचण फिल्टरच्याही अलीकडं आहे. फिल्टरच्या डब्यातून एक काळी नळी पुढं जाते आणि हेडलाईटच्या मागं जाऊन उघडते. तेच तिचं नाक. वरून बघितलं तर दिसत नाही. गाडी बंद असताना, इंजिन गार असताना तिथं हात घाल आणि चाचपून बघ. उंदरानं घर केलं असेल नाहीतर उडत आलेली पिशवी चिकटली असेल. आमच्याकडं एकदा एका जीपच्या नळीत चिमणीनं काड्या भरल्या होत्या. मालकानं तोवर अर्धं इंजिन खोलून घेतलं होतं.

खर्च शून्य. एका हाताचं काम आहे.

सापडलं की लगेच लिही. मला आता रोज पोस्टमनची वाट बघायची सवय लागली आहे.

मामा


गारखेडा
२० डिसेंबर २०२४

ती. मामा,
नमस्कार.

तुमची मिशी वाचली. पण माझी पंचाईत झाली आहे.

हात घातला तर बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. ओढून बाहेर काढलं. काळ्या घोंगडीचा वीतभर तुकडा, चौपदरी घडी केलेला, नळीच्या तोंडावर लोकरीच्या दोरीनं बांधलेला. आणि गाठ मी डोळे मिटून ओळखली असती. कोकराच्या गळ्यात आबा मारायचे तीच. ओढली तर आवळत नाही आणि कितीही झटकली तरी सुटत नाही.

आईला हळूच विचारलं. तिला सगळं ठाऊक होतं, फक्त त्यानं काही बिघडतं हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडं पाइपलाइनसाठी रस्ते खणलेत, सगळी धूळच धूळ. गाडी घेतली त्याच आठवड्यात पंक्चरवाल्याकडं आबांनी विचारलं होतं, ही श्वास कुठून घेती? त्यानं बोट दाखवलं. घरी येऊन आपल्या घोंगडीचा कोपरा कापला आणि बांधला. आईला म्हणाले, "करोनात पोरीनं माझ्या तोंडाला फडकं बांधलं व्हतं. तिच्या गाडीला कोन बांधनार?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, मामा. मी तो तुकडा हातात घेऊन लिंबाखाली बसून राहिले. ऊन अंगावर येत होतं. लोकरीला अजून मेंढ्यांचा वास होता.

त्या दिवशी तुकडा पिशवीत लपवला आणि बीड बायपासवर गाडी नेऊन बघितली. अशी पळाली की मीच घाबरले. पण दुसऱ्या दिवशी आबांनी सकाळी चाचपून पाहिलं असणार. संध्याकाळी मी येते तर नवा तुकडा, पहिल्यापेक्षा मोठा. मी सोडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ते समजतायत की उंदीर नेतो. आज त्यांच्या घोंगडीकडं बघितलं, एक बाजू सगळी दातरी झाली आहे.

आता काय करू? सांगितलं तर म्हणतील, पोरीची गाडी माझ्याच हातानं मारली. न सांगावं तर जन्मभर स्वतःला ओझं समजत राहतील. दोन्हीकडून त्यांनाच लागणार. ते स्वतः पावसात भिजायचे पण घोंगडीनं कोकरू झाकायचे, हे मी लहानपणी पाहिलं आहे. अशा माणसाला तुमच्या मायेनं गाडी गुदमरली असं कुठल्या तोंडानं सांगू?

संक्रांतीला पंचवीस दिवस उरले.

सत्यशीला


वैजापूर
२६ डिसेंबर

चि. सत्यशीला,

सोबत दाजींसाठी वेगळा कागद आहे. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा तू मोठ्यानं वाच. आक्काही समोर असू दे. मधे थांबून स्वतःचं काही घालू नकोस.

मामा


(वेगळा कागद)

दाजी, रामराम.

माफी मागायला हा कागद लिहितोय. मेहुण्याची माफी दाजीनं ऐकायचा योग रोज येत नाही, तेव्हा नीट बसून ऐका.

वीस वर्षांपूर्वी तुम्ही मेंढ्या घेऊन वैजापूरवरून चालला होता आणि माझ्या गॅरेजात चहाला बसला होता. तेव्हा मी शहाणपणा केला. म्हणालो, दाजी, इंजिन धुळीनं मरतं, त्याचं तोंड झाकावं. तुम्ही ते ध्यानात ठेवलंत. मी मात्र अर्धंच सांगितलं होतं. झाकायला आत कागदाचा फिल्टर असतो, वर आणखी काही घालायचं नसतं, घातलं तर गाडीचा श्वास कोंडतो. ते सांगायचं राहिलं. चहा आला आणि विषय बदलला.

म्हणजे तुमच्या भाचीची, चुकलो, माझ्या भाचीची गाडी घाटात बसली ती माझ्या अर्ध्या अकलेनं. तुमच्या वजनानं नाही. चाळीस वर्षं मिस्त्री म्हणून मिरवलो आणि हे एक राहून गेलं. घोंगडी कापू नका, थंडी आहे.

तुमचा मेहुणा,
अजिनाथ


गारखेडा
६ जानेवारी २०२५

ती. मामा,
शिरसाष्टांग नमस्कार. या वेळी खरंच डोकं टेकवते आहे.

तुमचा कागद एकतीस तारखेला आला. आबा पलंगावर, आई खाली पालक निवडत बसलेली. मी वाचला. संपल्यावर आबा म्हणाले, "पुन्यांदा वाच." पुन्हा वाचला. खालून भंगारवाला ओरडत गेला.

मग आबा म्हणाले, "अज्या लबाड हाय."

आईनं वर पाहिलं.

"त्यानं असलं कायबी सांगितलं नव्हतं. चहासुदिक पाजला नव्हता त्या दिशी, कामात व्हता. बांधलं ते म्या, माझ्या मनानं." आणि ते हसायला लागले. मामा, ते हसणं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसले, आणि मग एकदम लहान आवाजात विचारलं, "म्हंजे मी नव्हतो?"

मी म्हटलं, "नव्हता, आबा. तुम्ही कधीच नव्हता."

"फडकंच व्हतं?"

"फडकंच."

"मंग जाऊ की रविवारी," ते म्हणाले, आणि आईच्या पालकातली एक काडी उचलून चघळत बसले.

काल गेलो. पहाटेचं धुकं अजून खाली रेंगाळत होतं. आबा पुढच्या सीटवर, घोंगडी मांडीवर, दातरी बाजू बाहेर. घाट लागायच्या आधीच मी गियर उतरवला, तुम्ही सांगितलं तसा. पहिलं वळण गेलं. दुसरं आलं. आबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले, म्हणून काही बोलायला गेले तर हात वर केला. "बोलू नगंस. ऐकू दे."

तुमच्यासाठी तो आवाज लिहिते, मामा. भरलेला होता. सबंध, एकसारखा, कुठं फट नाही. पाय दाबला की तो आधी पुढं जायचा आणि मग आम्ही त्याच्या मागून. खिडकीतून धुकं आत येत होतं, झाडं एकेक करून उगवत होती, आणि मला वाटलं, हा घाट कधी संपूच नये, आम्ही तिघं असेच वर वर जात राहावं. तिसऱ्या गियरवर. मागच्या सीटवर आई होती, आणि तिच्या पायाशी पाटा. तो तिनं कधी ठेवला मला माहीत नाही.

माळावर एकाही मेंढीनं आबांना ओळखलं नाही. मला वाईट वाटलं. ते म्हणाले, "वळखाया मी काय पुढारी हाय?" कळपात शिरले आणि दिसेनासेच झाले. नुसतं मुंडासं इकडून तिकडं जाताना दिसत होतं. दुपारपर्यंत तसेच फिरत होते.

निघताना त्यांनीच गोंधळ घातला. सुरेखाकाकूंच्या डोळ्यांचा नंबर काढायचा आहे म्हणून त्यांना गाडीत बसवलं. पायाला लागलेलं एक कोकरू डॉक्टरला दाखवायला मांडीवर घेतलं. कडुबाकाका म्हणाले, "दादा, दाटी व्हईल." तर आबा खिडकीतून ओरडले, "बसू दे की! गाडी काय म्हनत नाय!" पुढच्या फेरीला ज्वारीचं एक पोतं वर न्यायचंही कबूल करून आलेत. मला न विचारता.

तुमच्यासाठी त्यांचा निरोप आहे, शब्दाला शब्द लिहिते. "अज्याला म्हनाव, ये. चार दिस ऱ्हा. खोटं बोलल्याबद्दल दोन शिव्या घालायच्या हायेत, त्या कागदावर बसत नायत."

मामा, याल का? न्यायला मी येईन.

सत्यशीला


वैजापूर
११ जानेवारी २०२५

चि. सत्यशीला,
आशीर्वाद.

खोटं बोललो हे खरं. चहा पाजला नव्हता हेही खरं, दाजींची आठवण पक्की आहे.

तुझा भरलेला आवाज मी वाचला आणि डोळे मिटून बसलो. ऐकू आला. झोपेत नव्हतो, चांगली सकाळची दहाची वेळ होती.

तुला एक सांगतो. दाजी घाटात उतरून चालू लागले असं तू पहिल्या पत्रात लिहिलंस, तेव्हा मला त्यांचं नवल वाटलं नाही. इंद्रजीत पुण्याहून दर महिन्याला बोलावतो. तिथं गेलो की पोरगा एकेक वाक्य तीनदा बोलतो, सून कागदावर लिहून दाखवते, नातवंडं सांगता सांगता मधेच राहू दे म्हणतात. कुणी रागावत नाही. पण मी घरात शिरलो की सगळ्यांचा वेग कमी होतो, हे मला दिसतं. म्हणून मी कळवतो, कांद्याचा हंगाम आहे, जमत नाही. गॅरेज बंद होऊन तीन वर्षं झाली, माझा कसला आलाय हंगाम. मीही उतरूनच चाललो होतो.

दाजी मोठे आहेत. एका कागदावर पुन्हा गाडीत बसले. मला आठ लागले.

एकोणीस तारखेला रविवार आहे. ये. माझं वजन एकसष्ट किलो आहे आणि पिशवी हलकी आहे. टायरची हवा सकाळीच बघ. मी दहा वाजता मार्केट यार्डाच्या फाटकाशी रस्त्याकडं पाठ करून बसलेला असेन, कारण उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते. हॉर्न वाजवत बसू नकोस. खाली उतर आणि खांद्याला हात लाव.

मामा